विंडोज ११ घेताय? 'अपडेट'चं बटण दाबण्यापूर्वी ही तयारी करा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातल्या वांगणीसारख्या गावात संगणक बंद पडला, तर त्याचा फटका एकट्या मालकाला बसत नाही. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा सातबाऱ्याची प्रिंट काढायला आलेल्या माणसाला रोजगार बुडवून दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. त्यामुळे विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाताना घाई नको.

बदलायचं कशासाठी?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक त्यानंतरही चालतो, पण सुरक्षेतल्या नव्या त्रुटी बुजवणारे अपडेट येत नाहीत. ज्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील भरले जातात, तिथे हा धोका मोठा आहे.

तुमचा संगणक चालेल का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट लागतं. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. आय५-८२५० यातला ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२०० असेल तर सातवी. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप हे सगळं तपासून देतं. 'टीपीएम नाही' असं दिसलं तरी लगेच निराश होऊ नका. अनेक संगणकांत ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

आधी काय कराल?

- सगळ्या फाइल्स, फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. दोन-चार फाइल्स उघडूनही बघा.
- जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वेगळे साठवा. ते गेले, तर त्यात टाइप केलेली पत्रं आणि ठराव वाचता येणार नाहीत.
- प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे विंडोज ११ वर चालणारे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा.
- बिटलॉकर सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा.

डेटा आणि विजेचं काय?

विंडोज ११ ची पूर्ण फाइल ५ जीबीहून मोठी असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती बसत नाही. जव्हारला किंवा जिथे चांगलं इंटरनेट मिळेल तिथे मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती घ्या. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

गावात आल्यावर संगणक नेहमीसारखा सुरू करा, पेनड्राइव्ह उघडा आणि त्यातला 'सेटअप' चालवा. फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडल्याची खात्री करा. पेनड्राइव्हवरून संगणक बूट करू नका. त्या मार्गाने नवं विंडोज कोरं बसतं.

काम सुरू असताना संगणक अनेकदा रीस्टार्ट होतो. मध्येच वीज गेली तर विंडोज बिघडू शकतं. म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावूनच ठेवा; डेस्कटॉप इन्व्हर्टर किंवा चांगल्या यूपीएसवर घ्या. पावसाळी वाऱ्याचा दिवस आणि जून-जुलैची दाखल्यांची गर्दी टाळा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं कामासाठी बाहेरगावी जातात. त्याआधी कागदपत्रांसाठी होणारी धावपळही लक्षात घ्या.

नंतर काही बिघडलं तर?

सर्वात आधी एक प्रिंट काढा, एक ठसा घेऊन बघा, डिजिटल सही तपासा. काही अडलंच तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून विंडोज १० वर परत जाता येतं. तोवर डिस्क साफ करून जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका.

संगणक जुना असेल तर?

तो लगेच भंगारात देण्याची गरज नाही. घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी 'ईएसयू' योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ती मोफत मिळते. नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरावी लागते. संस्थांसाठीची योजना वेगळी आणि सशुल्क आहे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली मोफत असून त्यात मराठीत काम करता येतं. मात्र ठशाचं यंत्र आणि डिजिटल सही त्यावर चालते का, हे आधी पाहा. ते जमत नसेल, तर असा संगणक टायपिंग आणि मुलांच्या अभ्यासासाठी ठेवा आणि लोकांच्या आधार-बँकेची कामं दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या संगणकावरच करा.