मन वळलें कशानें ?

(नभोवाणीवरील भाषण)



वृत्तपत्रें, नभोवाणी, चित्रपट, दूरदर्शन आणि आतां प्रत्येकाच्या हातांतील मोबाईल, यांच्या द्वारें माणसांचीं मनें कशीं वळविलीं जातात, या विषयावर निबंध लिहिण्याचें काम अलीकडे महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना वारंवार दिलें जातें. निबंध नुसतीं पुस्तकें चाळून लिहूं नये, लोकांत जाऊन, त्यांच्या मुलाखती घेऊन लिहावा, असाही दंडक असतो. दंडक उत्तम आहे. पण मुलाखत म्हणजे प्रश्नांचा कागद घेऊन दारोदार हिंडणें नव्हे. ती घेण्यापूर्वीं केलेल्या तयारीवरच तिचें यश अवलंबून असतें. आणि ती तयारी कशी करावी, हेंच आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

मी खारेपाटणास राहणारा निवृत्त शिक्षक असल्यामुळें आसपासचे विद्यार्थी आपले कागद मला दाखवावयास आणतात. त्यांवरील पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘जाहिरातींचा आपल्यावर परिणाम होतो काय ?’ या प्रश्नाला शंभरांतील नव्वद माणसें ‘छे, मुळींच नाहीं’ असें उत्तर देतील. आणि ‘शेजाऱ्यावर होतो काय?’ असें विचारल्यास तींच माणसें ‘होतो तर !’ असें म्हणतील. यांत लबाडी नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. १९८३ सालीं डेव्हिसन या अमेरिकन अभ्यासकानें या प्रवृत्तीला ‘तृतीय पुरुषावरील परिणाम’ असें नांवच दिलें. व्याकरणांत प्रथम पुरुष म्हणजे मी, द्वितीय म्हणजे तूं आणि तृतीय म्हणजे तो. फसतो तो नेहमीं तृतीय पुरुष ! तेव्हां जो प्रश्न विचारल्यानें माणसाला आपण भोळे ठरतों असें वाटेल, तो प्रश्न विचारणें व्यर्थ आहे, हें पहिलें सूत्र समजावें.

मग मुलाखती घ्याव्या तरी कशाला ? मराठींतील पहिलें वृत्तपत्र ‘दर्पण’ हें ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें. तें काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे आमच्याच भागांतले; देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें हें त्यांचें गांव खारेपाटणाहून फारसें दूर नाहीं. ‘दर्पणां’त काय छापलें होतें तें आज आपणांस वाचतां येतें. पण तें वाचून त्या काळच्या सामान्य वाचकानें कोणती गोष्ट मानली व कोणती हंसण्यावारी नेली, हें आतां फारसें कळावयाचें नाहीं. कारण त्याला कोणीं विचारून ठेवलें नाहीं, आणि तो तर केव्हांच निघून गेला. छापील मजकूर टिकतो. वाचणाऱ्याचें मन टिकत नाहीं. तें मन जिवंत आहे तोंवरच त्याला विचारून घेतलें पाहिजे.

तें कसें विचारावें, याचा एक धडा याच मराठी मुलखांत घालून दिलेला आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन केलीं. एकेका मंडळांत सुमारें वीस माणसें. आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या अर्ध्या तासाचा, असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम ऐकून झाला कीं मंडळी तेथेंच बसून त्यावर चर्चा करीत, शंका केंद्राकडे पाठवीत, आणि त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून दिलीं जात. या प्रयोगाचें परीक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोंपविलें होतें.

परीक्षकांनीं दोन गोष्टी मोठ्या शहाणपणानें केल्या. एक, मुलाखती प्रयोगापूर्वीं घेतल्या आणि प्रयोगानंतर पुन्हा घेतल्या. दुसरी, ते केवळ मंडळें असलेल्या गांवांतच गेले नाहींत. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, आणि जेथें रेडिओही नव्हता, अशा गांवांतही त्यांनीं लोकांना तेंच विचारलें. निष्कर्ष असा निघाला कीं, मंडळें असलेल्या गांवांत लोकांची माहिती पुष्कळच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत मात्र ती वाढ अगदीं थोडी होती. म्हणजे मन वळविण्याचें काम एकट्या रेडिओनें केलें नाहीं. रेडिओवरील शब्द चारचौघांच्या बोलण्यांत घोळला तेव्हां तो रुजला. परीक्षकांनीं फक्त मंडळांतील माणसांनाच, आणि तेंही शेवटीं एकदांच विचारलें असतें, तर सारें श्रेय रेडिओच्या पेटीला देऊन ते मोकळे झाले असते !

दुसरा धडा परदेशांतला आहे. २१ सप्टेंबर १९४३ रोजीं अमेरिकेंत केट स्मिथ नांवाची लोकप्रिय गायिका सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ६५ वेळां रेडिओवर बोलली व तिनें श्रोत्यांना युद्धकर्जाचे रोखे घेण्याची विनंति केली. एका दिवसांत सुमारें ३ कोटी ९० लाख डॉलरांचे रोखे खपले. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें नंतर न्यूयॉर्कमधील सुमारें शंभर श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांत रोखे घेणारे होते, तसे ऐकूनही न घेणारेही होते. ‘तुम्हांला तिचें म्हणणें पटलें काय’ एवढ्यावर हे लोक थांबले नाहींत. तुम्ही त्या वेळीं कोठें होतां, काय करीत होतां, तिचे कोणते शब्द ध्यानांत राहिले, असें विचारीत त्यांनीं तो दिवस श्रोत्याच्या स्मरणांत पुन्हा उभा केला. तेव्हां असें दिसलें कीं, लोकांना विशेषेंकरून भावला तो तिचा प्रामाणिकपणा; इतके तास ती राबते आहे, त्यापेक्षां आणखी पुरावा कशाला, असें त्यांना वाटलें होतें.

आतां हे दोन्ही धडे आपल्या गांवीं लागू करून पाहूं. समजा, विद्यार्थ्यानें विषय घेतला : गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेंत पालकांचें मन कशानें वळलें ? ही मोहीम महाराष्ट्रांत २७ नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झाली आणि ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लस द्यावयाची होती. म्हणजे आज महाविद्यालयांत शिकणाऱ्या पुष्कळांनीं ती सुई स्वतःच टोंचून घेतलेली आहे. या विषयाची तयारी मीं सांगतों त्या क्रमानें करावी.

आधीं मजकूर गोळा करावा. त्या वेळचीं वर्तमानपत्रें, हस्तपत्रकें, शाळेच्या सूचना, कोणाच्या मोबाईलमध्यें राहिले असल्यास संदेश, हें सारें पाहून, लोकांपुढें काय मांडलें गेलें होतें तें वहींत लिहून काढावें. जें सांगितलें गेलें तेंच आपणांस ठाऊक नसेल, तर ऐकणाऱ्यानें त्यांतलें काय घेतलें व काय टाकलें हें कसें ओळखणार ? आशा सेविका, परिचारिका, शिक्षक यांच्याही मुलाखती घ्याव्या. पण त्यांच्याकडून कळतें तें काय सांगितलें तें, काय ऐकलें गेलें तें नव्हे.

मग माणसें निवडावीं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु भांड्याच्या वरचेंच शीत उचलून खालीं करपलें कीं नाहीं हें कळत नाहीं. वहीच्या पानावर चार खण आंखावे. ज्यांनीं प्रचार ऐकला व लस दिली ते पहिल्यांत. ऐकूनही दिली नाहीं ते दुसऱ्यांत. ऐकला नाहीं तरी दिली ते तिसऱ्यांत. आणि ऐकलाही नाहीं व दिलीही नाहीं ते चवथ्यांत. प्रत्येक खणांत तीन, अशीं बारा माणसें नीट ऐकून घेतलीं तर विद्यार्थ्याच्या निबंधाला तीं पुरेशीं आहेत. पहिला खण एका दिवसांत भरतो. दुसऱ्यासाठीं वाड्या तुडवाव्या लागतात. पण खरें ज्ञान बहुधा त्या दुसऱ्या खणांतच असतें.

विचारणारा कोण, याचाही विचार करावा. ज्या मास्तरांनीं ‘उद्यां मुलाला घेऊन या’ असें सांगितलें होतें, त्यांनाच पुढें करून मुलाखतीला जाऊं नये. मास्तरांपुढें कोणती आई ‘मला तुमचा विश्वास वाटला नाहीं’ असें म्हणेल ? ती ‘मास्तरांनीं सांगितलें, म्हणून दिली’ असेंच म्हणणार. परिचारिका शेजारीं बसली असतांही तेंच. घरांत सासू, सून व मुलगा एकत्र असतील तर एकच माणूस बोलतो व बाकीचे मान डोलावतात; म्हणून प्रत्येकाशीं निराळें बोलावें. वेळही पाहावी. तरवा लावण्याच्या दिवसांत कोणाच्या दारीं जाऊं नये. गणपतीला चाकरमानी घरीं येतात खरे, पण निवांतपणा कोणालाच नसतो. भातकापणी उरकल्यानंतरची दुपार सर्वांत चांगली.

प्रश्नांचा क्रम प्रत्यक्ष घडल्या गोष्टीकडून मताकडे जाणारा असावा. प्रारंभीं लसीचें नांवही न घेतां, ‘काकी, त्या वर्षीं दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्यावर शाळेंत काय काय झालें, आठवतें कां ?’ असें विचारावें. दिवाळीची खूण दिल्यानें आठवण जागेवर येते. ही खूण फार आवश्यक आहे. कारण २०२१ सालीं करोनाची लस आली, आणि त्या वेळच्या गोष्टी व भय लोक नकळत २०१८ च्या मोहिमेला चिकटवितात. त्यानंतर : ही गोष्ट प्रथम कोणाकडून कळली ? मग कोणाशीं बोललांत ? मनांत शंका कोणती आली ? शेवटीं ‘हो’ किंवा ‘नको’ कोणीं म्हटलें व तें केव्हां ठरलें ? ‘कां ?’ हा शब्द शक्य तों टाळावा; ‘कां नाहीं दिलीत ?’ हें ऐकणाऱ्याला जाब विचारल्यासारखें वाटतें व तो कारण सांगण्याऐवजीं सबब सांगतो. ‘तेव्हां काय झालें ?’ असें विचारल्यास तेंच कारण सहज बाहेर येतें. ज्या प्रश्नांत उत्तर दडलेलें आहे असा प्रत्येक प्रश्न कागदावरून खोडावा. ‘अफवांमुळें लोक घाबरले होते ना ?’ हा प्रश्न नव्हे. ती विद्यार्थ्याचीच साक्ष आहे.

उत्तर माणसाच्या स्वतःच्या बोलींत उतरून घ्यावें. एखादी बाई ‘माका कळूक नाय’ म्हणते आणि दुसरी ‘माका पटूक नाय’ म्हणते. पुस्तकी मराठींत दोघींनाही ‘लसीकरणास विरोध’ असें लिहिलें तर दोघींवरही अन्याय होतो. पहिलीला कोणीं समजावून सांगितलें नव्हतें. दुसरीला सांगितलें होतें, पण सांगणाऱ्यावर तिचा भरंवसा बसला नव्हता. पहिलीकडे माहिती नेली पाहिजे. दुसरीकडे विश्वासाचें माणूस पाठविलें पाहिजे. दोघींचा उपाय एक नाहीं.

आवाज मोबाईलवर घ्यावयाचा असेल तर आधीं परवानगी विचारावी. निबंधांत नांव छापणार नाहीं असें वचन द्यावें आणि पाळावें. लहान गांवांत नांव गाळूनही ‘वडाजवळच्या घरांतील विधवा’ असें लिहिलें तर नांव सांगितल्यासारखेंच होतें, हें ध्यानांत असावें. पहिली मुलाखत आपल्याच आईची घ्यावी व ती निबंधांत धरूं नये; कोणता प्रश्न अडखळतो तें तेथें कळतें व तो प्रश्न सुधारतां येतो.

शेवटीं निष्कर्षाचा संयम. बारा माणसांवरून ‘साठ टक्के लोकांवर वृत्तपत्रांचा प्रभाव पडला’ असें लिहिणें म्हणजे गणिताची थट्टा होय. बारा माणसांवरून एवढेंच म्हणतां येतें कीं, मन अमुक अमुक वाटांनीं वळलेलें आढळलें. कोणत्या वाटेनें किती लोक गेले, हें मोजावयाचें असेल तर शेंकडों माणसें व निराळी रीत पाहिजे. पण ती मोजणी करणाऱ्यालाही, वाटा कोणत्या आहेत हें आधीं कोणीं तरी सांगावें लागतें. आणि तें विद्यार्थी सांगूं शकतो.

आतां कोणी म्हणेल, एका विद्यार्थ्याच्या निबंधासाठीं एवढा खटाटोप कशाला ? गुण तर गोड गोड उत्तरांनींही मिळतात ! मिळतात हें खरें. परंतु सर्वांनीं ‘मास्तरांनीं सांगितलें म्हणून पटलें’ असें सांगितलें आणि विद्यार्थ्यानें तें तसेंच लिहिलें, तर पुढची मोहीम आंखणारा त्याच समजुतीवर विसंबेल. ज्या आईला कळलेंच नव्हतें तिच्यापर्यंत पुढच्या वेळींही कोणी जाणार नाहीं, आणि तिचें मूल पुन्हा लसीवांचून राहील. गोवर कांहीं कोणाचा निबंध वाचून घरांत शिरत नाहीं.

तेव्हां मुलाखतींच्या वह्या नांवें काढून शाळेच्या किंवा गांवच्या ग्रंथालयांत ठेवाव्या. ‘दर्पणा’च्या वाचकाला विचारण्याची संधि गेली, आपल्या शेजाऱ्याला विचारण्याची अजून गेलेली नाहीं.