सॉफ्टवेअर मुक्त, पण नाव कुणाचं?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कुणीही वापरावं, आतून कसं चालतं ते बघावं, त्यात बदल करावा आणि दुसऱ्यालाही द्यावं असं सॉफ्टवेअर. मग बदललेलं सॉफ्टवेअर जुन्याच नावाने वाटता येतं का? दरवेळी नाही. प्रोग्रामचा परवाना वेगळा आणि नावाचा हक्क वेगळा.

आधी आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तूर नांदेडलाही पिकते, तिची डाळ करून विकायला कुणाची ना नाही. पण त्या पोत्यावर 'बोरसुरी डाळ' असं छापता येत नाही. मानांकन हे त्या भागातल्या उत्पादकांचं असतं, तर ट्रेडमार्क एखाद्या कंपनीचा किंवा संस्थेचा. हेतू मात्र एकच, घेणारा फसू नये.

आता संगणकाकडे वळू. 'डेबियन' ही जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली आहे. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली तिच्यावरच आधारलेली आहे. डेबियनवाले फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतःच जोडायचे. २००६ मध्ये मोझिलाने सांगितलं, "फायरफॉक्स हे नाव हवं असेल तर आमचं बोधचिन्हही लावा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या." ते बोधचिन्ह तेव्हा मुक्त परवान्यात नव्हतं, म्हणून डेबियनला ते चालेना. मग त्यांनी नावच बदललं: 'आइसवीझल'! थंडरबर्डचं झालं 'आइसडव्ह'. आतला प्रोग्राम जवळपास तोच. २०१६ मध्ये दोघांचं जमलं आणि फायरफॉक्स हे नाव परत आलं.

यात चूक कुणाची? विचार करा. नाव सगळ्यांना मोकळं सोडलं, तर कुणीही पासवर्ड चोरणारा प्रोग्राम 'फायरफॉक्स' म्हणून खपवेल. उलट प्रत्येक बदलाला परवानगी लागली, तर तातडीची दुरुस्ती अडून राहील. पण लक्षात घ्या, कोड मुक्त होता म्हणून फक्त नाव बदलावं लागलं, काम थांबलं नाही. मुक्त परवान्याची खरी ताकद ती हीच.

करून पाहा : शाळेच्या संगणकावरचा ब्राउझर उघडा. मदत मेनूत जाऊन त्याचं नाव, आवृत्ती आणि बनवणारी संस्था वहीत लिहा. नवीन प्रोग्राम घेताना तो त्याच संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या प्रणालीच्या भांडारातूनच घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका.