वेड्याच्या चोचीत चतुर

घटस्थापनेच्या आसपास पाऊस काढता पाय घेतो, ऊन चटकू लागतं आणि आमच्या परसातल्या तारेवर वेडा राघू येऊन बसतो. पावसाळाभर तो दिसला नव्हता. भिजका मुलूख सोडून कोरड्याकडे सरकायचं आणि पाऊस सरला की परतायचं, ही त्याची रीत. तारेवरून सूर मारतो, हवेतल्या हवेत किडा टिपतो, गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी. मधमाशी असेल तर तारेवर घासून तिची नांगी निकामी करतो. या दिवसांत मात्र त्याच्या चोचीत बहुतेकदा चतुर असतो. दोन-चार आपट, पंख गळून खाली, उरलेला घास पोटात. वेड्यानं चतुराला गिळावं, हा विनोद मराठीतच होऊ शकतो!

चतुर हा काही सोपा घास नव्हे. चारही पंख वेगवेगळे हलवणारा हा स्वतःच पट्टीचा शिकारी. डास, चिलटं उडता उडता धरतो. झेंडूच्या वाफ्यावर पिवळट-तांबूस चतुरांचा थवा घिरट्या घालताना दिसला आणि त्यातला एखादा टेकलाच, तर काटकीला उभा लोंबकळतो. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. मागचे पंख बुडाशी रुंद, त्यामुळे फारशी फडफड न करता तो तरंगतो. अंडी घालतो पावसाच्या डबक्यात. डबकं आटण्याआधी, दीड-दोन महिन्यांत, पाण्यातली पिल्लं मोठी होऊन उडूनही जातात.

जातात कुठे? मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न उलटा पडला होता. दर ऑक्टोबरात हे चतुर येतात कुठून? त्या बेटांवर उघड्यावर गोडं पाणी जवळपास नाहीच. वर्षानुवर्षांच्या नोंदींनंतर २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की ते भारतातून येतात आणि उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन, सरकत्या पावसामागोमाग पूर्व आफ्रिका गाठतात. जाऊन-येऊन पल्ला १४,००० ते १८,००० किलोमीटर. तोही एका चतुराचा नव्हे, चार पिढ्यांचा. पुढे पंखांतल्या हायड्रोजनच्या तपासणीतून मालदीवमधले चतुर उत्तर भारतात किंवा त्याच्याही पलीकडे जन्मले असावेत असं दिसलं. तेव्हा आमच्या झेंडूवरचा पाहुणा शेजारच्या डबक्यातला की हिमालयाच्या पायथ्याचा, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळायचं नाही.

राघूला त्याचं सोयरसुतक नाही. काल सकाळी तारेखाली सात पंख मोजले. आठवा मुंग्या ओढून नेत होत्या.