पैगंबरांची चित्रे आणि चित्रकारांचा कारखाना

इस्लामचे आणि चित्रांचे हाडवैर आहे, असे आपल्या अमरावती-अकोल्याकडे हिंदूही सांगतात आणि मुसलमानही. मशिदीपुरते ते खरे आहे. तेथे वेलबुट्टी असते, अक्षरे असतात, माणसाचे चित्र नसते. पण ग्रंथांची गोष्ट निराळी. इराणचा वजीर रशीदुद्दीन याने जगाचा इतिहास सिद्ध केला. १३१४ च्या सुमाराच्या त्याच्या सचित्र प्रतीत मूसा आहे, माशाच्या पोटातून सुटलेला यूनुस आहे. हे महंमदांपूर्वीचे पैगंबर. ख्रिस्ती आणि यहुदी ज्यांस मोझेस व जोना म्हणतात, तेच हे. चित्रे काढली ती पूजेसाठी नव्हे, कथा डोळ्यांपुढे उभी राहावी म्हणून.

१५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड ज्या अकबराच्या हवाली केले, त्याच्याच पदरच्या मिस्कीन नावाच्या चित्रकाराने १५९० च्या सुमारास नूहची नौका रंगविली. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. मजल्यांमजल्यांची नौका, तीत जनावरांच्या जोड्या, आणि नाव बुडवायला आलेल्या इब्लीस सैतानास नूहचा मुलगा पाण्यात ढकलतो आहे! नूहचा चेहरा उघडा आहे. मस्तकाभोवती मात्र सोनेरी ज्वाळा. आपल्या देवांच्या तसबिरींत गोल प्रभावळ असते, तेथे या चित्रांत अग्निशिखा. पैगंबर कोणता, ते तीवरून ओळखावे.

सगळ्या धर्मशास्त्र्यांस हे रुचत होते असे नाही. अक्षराला चिकटून बसणाऱ्यांचा चित्रकलेवर रोष असल्याचे अबुल फजलनेच आईने-अकबरीत नमूद केले आहे.

पण आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांचे लक्ष त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या मजकुराकडे जाते. चित्रकारांचे काम दर आठवड्यास बादशहापुढे मांडले जाई, आणि काम पाहून इनाम मिळे किंवा महिन्याचा पगार वाढे. (आठवड्याला पगारवाढीचा विचार करणारा मालक आम्हांस अजून भेटायचा आहे.) या कारखान्यात इराणी उस्तादांच्या शेजारी बसावन होता, पालखी वाहणाऱ्या भोयाचा मुलगा दसवंत होता. एक जण रेखाटणी करी, दुसरा रंग भरी, कधी चेहरे तिसराच काढी. रुईच्या गाठीवर कारखानदाराचा छाप असतो. अकबरी पोथ्यांच्या समासात मात्र कारकून लिहून ठेवीत की रेखा कोणाची, रंग कोणाचा.