शिरोरेषा चुगली करते

गोकुळाष्टमी जवळ आली की आमच्या दुकानातली हीट प्रेस थंड म्हणून होत नाही. मुंबई-ठाण्यातल्या गोविंदा पथकांचे प्रायोजक आयत्या वेळी ठरतात, मग टी-शर्टही आयत्या वेळीच. नेत्याचा फोटो रात्री व्हॉट्सॲपवर येणार आणि माल सकाळी हवा.

छपाई वाकडी आली की सगळे प्रेसवाल्या पोराकडे बघतात. बहुतेक वेळा टी-शर्टच वाकडा असतो. एका पथकाचे खजिनदार खिशात टेप घालूनच आले होते. दोन्ही शिलायांपासून नावाचं अंतर मोजलं, सारखं भरलं, तरी नाव तिरकं दिसत होतं. "मग काय टेप खोटं बोलते?" मी टी-शर्ट खांद्यांना धरून लटकवला. बगलेपासून निघालेली शिलाई खाली येता येता पोटाकडे वळली होती. होजियरीचं कापड गोल यंत्रावर विणतात. सुताला दिलेला पीळ सुटायला बघतो आणि विणीच्या उभ्या ओळी कलतात. एक धुणं झालं की आणखीच. स्वस्त मालात हे हमखास, आणि अष्टमीला महाग माल कोण घेतो? कॉलरमागचं लेबल मध्यावर असतं यावर विश्वास ठेवणारा कारागीरही फार दिवस टिकत नाही.

म्हणून आम्ही शिलाई सोडून बगला धरतो. खांद्यावर खांदा, बगलेवर बगल ठेवून टी-शर्ट उभा दुमडायचा, प्रेस दोन-तीन सेकंद टेकवायची, की मधोमध घडी उमटते. कापडातला दमटपणाही उडतो. डिझाइनच्या कागदालाही तशीच घडी घालायची आणि घडीवर घडी बसवायची. छापताना ती आपोआप जिरते. पुढच्या बाजूला कॉलरखाली चार बोटं सोडायची. पाठीवर हा हिशेब चालत नाही. मागची कॉलर उंच असते, नाव मानेला टेकतं. वरच्या थरावर चढणाऱ्या पोराचा टी-शर्ट इवलासा, त्यावर मोठ्यांच्या मापाचं डिझाइन ठेवलं की दोन्ही टोकं बगलेत शिरतात. त्यासाठी वेगळं छोटं डिझाइन काढावं लागतं, आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

कॉलर आणि शिलाया प्लेटच्या बाहेर लोंबत ठेवायच्या, नाहीतर दाब एका अंगाला पडतो. विनाइलची कापलेली अक्षरं चिकटवायला १५० ते १६० अंश आणि दहा-पंधरा सेकंद. प्रेस मिटली की देवाचं नाव घ्यायचं. चिकटलेलं विनाइल सरळ करता येत नाही. सब्लिमेशनची, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवण्याची, तऱ्हा वेगळी. तिथे प्रेस उघडताना कागद केसभर सरकला तरी अक्षरामागे दुसरं पुसट अक्षर उभं राहतं, म्हणून उष्णता सोसणारी टेप लावायचीच.

पण खरी परीक्षा मराठी नावाची. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, ओळ थोडी कलली तरी खपून जाते. 'गोविंदा पथक' लिहिलं की डोक्यावर सलग आडवी रेघ, आणि तिच्या वर खांद्याची शिलाई. दोघींची तुलना न शिकलेला माणूससुद्धा लांबून करतो. यावर आमच्या डिझायनरने उपाय काढलाय: नाव कमानीत बसवायचं. कमानीत कललेलं पटकन कळत नाही. पथकांना वाटतं, हे ऐटीसाठी आहे.

थर लावताना सगळ्यांची तोंडं आत असतात. बघणाऱ्यांना आणि कॅमेऱ्यांना दिसतात त्या पाठी. त्यामुळे मुरलेले प्रायोजक पाठच मागतात. नवखे छातीवर मोठा फोटो घेतात आणि तो दिवसभर पुढच्याच्या पाठीला चिकटून असतो. छातीवरच्या छोट्या लोगोचीही गंमत होते. डावी बाजू म्हणजे घालणाऱ्याची डावी. टेबलावर पसरलेल्या टी-शर्टमध्ये ती आपल्या उजव्या हाताला येते, आणि नवा पोरगा पहिल्या गठ्ठ्यात हटकून घोळ घालतो.

माल न्यायला एका पथकाचे प्रशिक्षक येतात, ते टेप आणत नाहीत. एका पोराला टी-शर्ट घालायला लावतात आणि म्हणतात, "हात वर कर." हात वर गेले की खांदे चढतात, कापड ओढलं जातं, आमची घडी, चार बोटं, सगळं जागचं हलतं. ते फक्त बगल काचत नाही ना एवढंच बघतात, "चालेल" म्हणतात आणि गठ्ठे रिक्षात टाकायला लावतात. बिलाचं विचारलं की उत्तर ठरलेलं: हंडी फुटली की देतो.