अंगणातले म्हातारे झाड

सीतागुंफेजवळच्या पाच वडांवरून पंचवटीला नाव पडले, असे आपण नाशिककर मानतो. ते वड तोडा, असे कुणी म्हणणार नाही. पण तुमच्या अंगणातल्या कडुलिंबाचे काय? पावसाळा तोंडावर आला, फांद्या कौलांवर वाकल्या, खाली मुले खेळतात, आणि शेजारी रोज बजावतात, "पाडा एकदाचे!"

जरा थांबा. खोड पोकळ झाले म्हणजे झाड मेले असे नव्हे. झाडाचा जीव असतो सालीखालच्या थरांत. मधला गाभा तसाही मृतच. म्हणून तर ढोली पडलेली चिंचसुद्धा वर्षानुवर्षे फळते. खरी भीती बुंध्याशी. तिथे अळंबी उगवली आहे का, बघा. पाऊस होऊन गेल्यावर एका बाजूची माती उचलली, भेगाळली, झाड पूर्वीपेक्षा कलले, तर मुळे सुटू लागली म्हणून समजा. मग मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. नुसत्या वाळक्या फांद्या असतील, तर त्या उतरवल्या की बहुधा भागते. आणि बुंध्याला फरशी भिडवली असेल, तर ती आधी काढा. पुष्कळदा दुखणे आपणच लावलेले असते!

कुऱ्हाड मात्र आपल्या मर्जीने चालवता येत नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. लिंब आजोबांनी लावलेला असेल, तर एवढ्या रोपांना जागा कुठे आहे, तेही आत्ताच बघून ठेवा.