रिपोर्ट हरवला की झाकला गेला?

थायरॉइडच्या गोळीचा डोस ठरवताना डॉक्टर आधीचा टीएसएच पाहतात. किडनीच्या आजारात आजच्या क्रिएटिनिनइतकेच सहा महिन्यांपूर्वीचे क्रिएटिनिनही महत्त्वाचे असते. थोडक्यात, जुना रिपोर्ट हा उपचाराचाच भाग असतो. तो 'संगणकावर दिसत नाही' असे उत्तर मिळाले की तपासणी पुन्हा करावी लागते, खर्च वाढतो, उपचार लांबतो. पण न दिसणारा रिपोर्ट पुसलाच गेलेला असतो असे नाही. कधी कधी तो सर्व्हरवरच असतो, फक्त झाकला गेलेला असतो.

कंटेनर म्हणजे काय?

हल्ली अनेक सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरवर 'कंटेनर'मध्ये चालवतात. रुग्णालयातल्या विलगीकरण कक्षासारखीच ही सोय आहे. इमारत, वीज, पाणी सगळ्यांचे एकच, पण खोली वेगळी. एका खोलीतला संसर्ग दुसरीकडे जाऊ नये, हा हेतू. लिनक्समध्ये ही भिंत 'नेमस्पेस' उभी करते. त्यातली पहिली, 'माउंट नेमस्पेस', २००२ मध्ये आली. कोणत्या डिस्क आणि कोणते फोल्डर दिसावेत, याची प्रत्येक कंटेनरची यादी तिच्यामुळे स्वतंत्र राहते.

कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती तात्पुरती असते. कंटेनर काढून नवा बसवला की ती जाते. म्हणून रिपोर्टसाठी सर्व्हरवरचा एखादा फोल्डर कंटेनरला जोडून देतात. या जोडण्यालाच 'माउंट' म्हणतात.

गडबड कुठे होते?

समजा, रिपोर्टची डिस्क सर्व्हरच्या एका फोल्डरवर जोडलेली आहे. रात्री वीज गेली. सकाळी सर्व्हर सुरू झाला, पण डिस्क जोडली जाण्याआधीच कंटेनर सुरू झाला. त्याला त्या जागी रिकामा फोल्डर मिळाला आणि तो त्यातच रिपोर्ट लिहू लागला. तासाभराने कर्मचाऱ्याने डिस्क जोडली. आता सर्व्हरला डिस्क दिसते, पण कंटेनरची यादी वेगळी असल्याने त्याला जुनाच फोल्डर दिसत राहतो. भिंत नेमून दिलेले काम चोख करत असते, आणि घोटाळा तिथेच होतो.

दिवसभर कोणालाच काही जाणवत नाही. नवे रिपोर्ट पडद्यावर दिसतात. रात्रीचा बॅकअप मात्र डिस्कचा होतो, त्यात आजचे रिपोर्ट नसतात. पुढे कंटेनर पुन्हा सुरू केला की त्याला खरी डिस्क सापडते. जुने रिपोर्ट परत दिसतात आणि मधल्या काळातले 'गायब' होतात. प्रत्यक्षात ते डिस्कखाली दबलेल्या फोल्डरमध्ये सुरक्षित असतात. गादीखाली राहिलेल्या कागदासारखे.

भिंतीला भगदाड

याच्या उलटही धोका असतो. सोय म्हणून सर्व्हरचे सगळेच फोल्डर कंटेनरला जोडले, तर भिंतीला अर्थ उरत नाही. कंटेनरमधले सॉफ्टवेअर हॅक झाले की सगळ्या रुग्णांची माहिती उघडी पडते. जानेवारी २०२४ मध्ये 'रनसी' या कंटेनर चालवणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरमध्येच अशी फट जाहीर झाली. सर्व्हरच्या फाइलींकडे जाणारा एक दुवा चुकून आत उघडा राहत होता आणि त्यावरून कंटेनरबाहेर पडता येत होते. १.१.१२ या आवृत्तीत ती बुजवली गेली. ज्यांनी सॉफ्टवेअर अद्ययावत केले नाही, त्यांच्याकडे ती तशीच राहिली.

काय काळजी घ्यावी?

• डिस्क जोडली गेल्याची खात्री झाल्यावरच कंटेनर सुरू होईल, अशी रचना करावी.

• गरजेपुरतेच फोल्डर जोडावेत. जिथे फक्त वाचायचे आहे, तिथे लिहिण्याची परवानगी देऊ नये.

• बॅकअप 'झाला' यावर विसंबू नये. त्यातून कालचा एक रिपोर्ट अधूनमधून उघडून पाहावा.

• रिपोर्ट गायब झाल्यास घाईने काही पुसू नये. तंत्रज्ञाला डिस्कखालचा फोल्डर तपासायला सांगावे.

रुग्णांसाठी सल्ला जुनाच आहे. प्रत्येक रिपोर्टची एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती फाइल सोबत न्या.